सनद मिळाली, पुढे काय?



हा अंक कायदा शिकणाऱ्या मुलींविषयी काढायचे ठरले, तेव्हा आपल्यापैकीच काहीजणींनी शंका काढली. हुंडा आहे, पोटगी आहे, दारू आहे; ही कामे टाकून कॉलेजातल्या मुलींवर अंक कशाला? माझे म्हणणे असे, की हे सगळे प्रश्न फिरून फिरून ज्या टेबलापाशी येतात, त्या टेबलापलीकडे कोण बसले आहे हाही बायकांचाच प्रश्न आहे. नवऱ्याने टाकलेली बाई चोपड्याच्या किंवा साक्रीच्या कोर्टात येते, तेव्हा आपले सगळे तिला एका परक्या पुरुषापुढे बोलावे लागते, तेही बहुधा सोबत आलेल्या भावाच्या नाहीतर बापाच्या देखत. अंगावर बेतलेले ती सांगतच नाही. जे सांगितले नाही ते अर्जात येत नाही, आणि जे अर्जात नाही ते कोर्टाच्या लेखी घडलेलेच नसते. समोर बाई वकील असली म्हणजे सगळे सुरळीत होते असे नाही. पण वाचा तरी फुटते, हे आपण आपल्या कामात वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

म्हणून गेल्या काही महिन्यांत जळगाव आणि धुळे इथे कायदा शिकणाऱ्या, नुकतीच सनद घेतलेल्या आणि सनद घेऊन घरी बसलेल्या मुलींशी मी बोलले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. लॉ कॉलेजच्या वर्गात मुली भरपूर दिसतात. कोर्टाच्या आवारात काळा कोट घातलेल्या बायका त्या मानाने थोड्या. मधल्या वाटेवर बाकीच्या जातात कुठे, हा या संपादकीयाचा विषय आहे.

जे मिळाले ते आधी नीट मोजू. ते आपोआप मिळालेले नाही. आपल्या शेजारच्या नाशिकात १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बाई म्हणून त्यांना पदवीही मिळाली नाही आणि वकिलीचा हक्कही नाही. स्त्रियांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा इथे झाला तो १९२३ साली. मधली तीस वर्षे त्या बाईने पडद्यातल्या विधवांच्या इस्टेटींचे काम केले, सल्ले दिले, अर्ज लिहिले. फक्त वकील म्हणून कोर्टात उभे राहण्याचा हक्क तिला नव्हता. आजच्या मुलीला हा दरवाजा उघडाच मिळतो. जळगावचे मणियार विधी महाविद्यालय असो की धुळ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मेमोरियल लॉ कॉलेज, कायदा शिकायला तिला घर सोडून मुंबई-पुणे गाठायलाच हवे असे राहिलेले नाही. बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा, असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. २०१६ पासून राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली.

पैशाच्या बाजूनेही अलीकडे बरेच हलले आहे. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चे अर्धे तिकीट झाले. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, घरचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अट एवढीच की प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेला हवा. हे कितीतरी मुलींना ठाऊक नसते आणि त्या बाहेरून प्रवेश घेऊन मोकळ्या होतात, म्हणून मुद्दाम इथे लिहिते आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सनदेसाठी वकील परिषदांनी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्याआधी वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये भरावे लागत. ज्या घरात भावाच्या मोटारसायकलचा हप्ता आधी आणि बहिणीची सनद नंतर असा हिशेब असतो, तिथे या निकालाचे मोल मोठे आहे.

आता वर्गात चला. मुली कुठून कुठून येतात! यावल, रावेर, धरणगाव, पारोळा, शिंदखेडा, शिरपूर. पहाटेची एस.टी., नाहीतर भुसावळकडून येणारी पॅसेंजर. काहीजणींना वडिलांनीच आग्रहाने घातलेले असते, कारण बांधाच्या भांडणात त्यांची अर्धी हयात कोर्टात गेली. दलित घरांतून येणाऱ्या मुलींना कायदा म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावे लागत नाही. १९३७ साली एका खटल्याच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले आणि लळिंगच्या बंगल्यात मुतक्कामाला राहिले, ही आठवण त्या घरांतून अजून जिवंत आहे आणि ३१ जुलैला लोक तिथे आजही जमतात. पण कित्येकींच्या बाबतीत घरच्यांचा हिशेब वेगळा असतो. मुलगी रिकामी बसण्यापेक्षा स्थळ जमेपर्यंत काहीतरी शिकत राहील, आणि 'एलएल.बी.' बायोडाटावर शोभूनही दिसेल. आजीचा प्रश्न तर ठरलेलाच, "वकील व्हईसन काय करशी व माय?" या प्रश्नाचे उत्तर खरे तर कॉलेजने तिच्या हाती द्यायला हवे.

आणि कॉलेज ते देऊ शकते. कायद्याचे शिक्षण म्हणजे नुसती गाइडे पाठ करणे नव्हे, असे भारतीय वकील परिषदेचे २००८ चे नियमच सांगतात. मसुदे लिहिणे, व्यावसायिक नीती, वादांची तडजोड आणि अभिरूप न्यायालय हे विषय सक्तीचे आहेत. प्रत्येक महाविद्यालयात कायदेविषयक मदत केंद्र असावे हाही नियमच आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेत विद्यार्थ्यांना विधी स्वयंसेवक होता येते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोणत्याही बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आठवड्याच्या बाजारात एक टेबल टाकून बसली आणि तिने एवढी एकच गोष्ट दहा बायकांना सांगितली, तरी तो दिवस सत्कारणी लागला.

प्रत्यक्षात काय होते ते मुलींनीच सांगितले. कोर्टाला भेट द्यायची ती जर्नलात लिहिण्यापुरती. आधीच्या बॅचचे जर्नल मिळते, त्यातले खटले उतरवायचे, सही घ्यायची. अभिरूप न्यायालयात बोलायला तीच ती चार मुले-मुली, ज्यांना इंग्रजी येते. बाकीच्या टाळ्या वाजवायला. मला हे सर्वांत जास्त खटकले. १९९८ पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीत होते, अर्ज मराठीत चालतो. ज्या मुलीला उद्या अमळनेरच्या कोर्टात अहिराणी बोलणाऱ्या पक्षकाराची उलटतपासणी घ्यायची आहे, तिने इंग्रजी अडखळते म्हणून पाच वर्षे मागच्या बाकावर का बसावे? इंग्रजी लागतेच, नाही असे नाही. खानदेशची अपिले औरंगाबाद खंडपीठात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जातात आणि तिथला कारभार इंग्रजीत चालतो. तेव्हा इंग्रजी शिकवा, पुन्हा पुन्हा शिकवा. पण उभे राहून बोलण्याची सवय आधी तिच्या स्वतःच्या भाषेत लागू द्या. एकदा न घाबरता बोलता आले की दुसरी भाषा शिकणे सोपे जाते.

शिवाय १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. छळाचे ४९८ अ हे कलम आता भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ मध्ये गेले, पोटगीचे १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ मध्ये. जुने खटले जुन्या कायद्याने आणि नवे नव्याने चालायचे. म्हणजे या पिढीच्या विद्यार्थिनींना दोन्ही शिकावे लागणार. ही अडचण आहे तशी संधीही आहे, कारण नवा कायदा ज्येष्ठांनाही नवाच आहे.

एवढे सगळे करून मुलगी पास होते, वकील परिषदेची परीक्षा देते, सनद घेते. आणि खरी अडचण इथे सुरू होते.

सनद घेतलेल्या मुलीला कुणातरी ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली राहावे लागते. सकाळी ऑफिस, दिवसभर कोर्ट, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. पहिले वर्षभर काम म्हणजे पुकारा झाला की उभे राहून पुढची तारीख मागणे. पगार नाही. काही ज्येष्ठ पेट्रोलपुरते देतात, काही तेही देत नाहीत, आणि शिकायला मिळते हाच मोबदला असे सांगतात. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरी भागात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही. मी ज्या मुलींशी बोलले त्यांच्यापैकी एकीच्याही हातात ही रक्कम पडलेली नाही.

मुलाचेही हेच होते, असे कुणी म्हणेल. होते ना. पण मुलगा ज्येष्ठांबरोबर गाडीवरून शिरपूरला जातो, रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसतो, चहाच्या टपरीवर पक्षकार जोडतो. मुलीला शेवटची एस.टी. गाठायची असते. अशिलाशी हसून बोलली तर त्याची चर्चा होते. ज्येष्ठ सज्जन असले तरी फौजदारी काम मुलीला नको, तिला घटस्फोट-पोटगीची कागदपत्रे द्या, असा शिरस्ता पडतो. ज्येष्ठ सज्जन नसले तर काय? एका मुलीने तीन महिन्यांत ऑफिस सोडले आणि घरी कारण सांगितले ते डोकेदुखीचे. ज्युनिअरपाशी नेमणुकीचे पत्र नसते, पगाराची पावती नसते. लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ साली झाला खरा, पण अशा नात्यात तो कसा लागू करायचा यावर अजून वाद आहेत.

अशा मुलींना न्यायाधीशपदाची परीक्षा हा एक मोकळा रस्ता वाटत असे. अभ्यास घरी बसून करता येतो, कुणाच्या ऑफिसची पायरी चढावी लागत नाही. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा घातली. ही अट १९९३ मध्ये आली होती, २००२ मध्ये गेली होती. अटीमागचे कारण मला पटते. ज्याने कोर्टात उभे राहून मार खाल्लेला नाही त्याने एकदम वरच्या खुर्चीत बसू नये, यात तथ्य आहे. टाकलेल्या बाईला तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे, हे पुस्तकातून कळत नाही. माझा आक्षेप अनुभवाला नाही. त्या तीन वर्षांचा खर्च कोण सोसणार, हे कुणी बोलत नाही, त्याला आहे.

वयाचा हिशेब करून पाहा. पाच वर्षांचा अभ्यासक्रम संपेपर्यंत मुलगी तेवीस वर्षांची होते. तीन वर्षे वकिली, सव्वीस. पदवीनंतर कायदा केला असेल तर चोवीस आणि तीन, सत्तावीस. मग परीक्षा. आपल्याकडे बाविसाव्या वर्षापासून घरात स्थळांच्या पत्रिका यायला लागतात. ज्या तीन वर्षांत तिने विनापगार कोर्टात उभे राहायचे, नेमकी तीच तीन वर्षे घरच्यांनी तिच्या लग्नासाठी राखून ठेवलेली असतात. लग्न होऊन ती सुरतेला नाहीतर नाशिकला गेली की इथे जोडलेले चार पक्षकार, ओळखीचा कारकून, ज्येष्ठांचा विश्वास, सगळे इथेच राहते. सनद सोबत जाते, पण ती कपाटात.

आमच्या प्रतिभाताई नाही का झाल्या राष्ट्रपती, असे जळगावात हमखास ऐकायला मिळते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभा पाटील यांनी मूळजी जेठा महाविद्यालयात शिक्षण घेतले, मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायदा केला, जळगावच्या कोर्टात वकिली केली आणि १९६२ मध्ये त्या आमदार झाल्या. अभिमानाचीच गोष्ट. पण एका बाईचे उदाहरण हजार मुलींच्या अडचणींवर उत्तर म्हणून पुढे केले जाते, तेव्हा सावध व्हावे. एकीला जमले, मग तुम्हाला का नाही, असा त्याचा अर्थ होतो आणि दोष पुन्हा मुलीच्याच पदरात पडतो.

खानदेशाला बाई वकिलांची गरज किती आहे हे आपल्याच इतिहासाने दाखवले आहे. १९७२ नंतर शहादा भागात श्रमिक संघटनेच्या भिल्ल बायकांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मथुरा प्रकरणातल्या निकालावर १९७९ साली ज्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यांत वसुधा धागमवार होत्या. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. याच वसुधाताईंनी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्कलकुवा भागात आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नावर काम केले. कायदा शिकवणारी बाई सातपुड्यात पोचली की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्या दारातले आहे. आणि १९९४ साली जळगावात जे वासनाकांड उघडकीस आले, ते विसरता येत नाही. त्यात कॉलेजच्या मुली होत्या. बऱ्याच पुढे आल्याच नाहीत, पुढे आलेल्यांतल्या काहींना मागे फिरावे लागले आणि अनेक खटले टिकले नाहीत. शहरातल्या इतर मुलींची कॉलेजे मात्र घरच्यांनी भीतीने बंद केली. त्या मुलींना विश्वासाने जिच्यापाशी बसता येईल अशी वकील बाई तेव्हा शहरात किती होत्या, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

दूर कशाला, कायदा शिकणाऱ्या मुलीच्या स्वतःच्या घरात पाहा. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा राज्याने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दलचे उरलेसुरले संशय फेडले. विद्यार्थिनींना ही साले पाठ असतात. आणि तरी लग्न ठरले की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून येतात. भावाशी संबंध तुटायला नकोत, माहेर राहायला हवे. त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण कमाईचा आधार नसलेल्या वकिलिणीला स्वतःचा हक्कही सोडून द्यावा लागतो, हे लक्षात घेऊ.

मग करायचे काय? माझ्या मनात चार गोष्टी आहेत.

पहिली, जिल्हा वकील संघांनी शिफारशीची वाट न पाहता निधी उभारावा आणि पहिल्या तीन वर्षांतल्या ज्युनिअरना, मुलींना आधी, दरमहा काही ठरावीक रक्कम द्यावी. लहान असली तरी चालेल, पण नियमित हवी. 

दुसरी, ज्या ज्येष्ठ वकील भगिनी आज जळगाव-धुळ्यात पाय रोवून उभ्या आहेत, त्यांनी प्रत्येकी निदान एक मुलगी हाताखाली घ्यावी आणि तिला दिवाणी, फौजदारी, महसूल अशी सगळी कामे शिकवावीत. 

तिसरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे २०२२ पासून लोकअभिरक्षक कार्यालयाची योजना आहे. तिच्यात सहायकाच्या जागा नवख्या वकिलांसाठीच असतात आणि मानधन मिळते. या जागांची माहिती कॉलेजच्या फळ्यावर लागली पाहिजे. 

चौथी, तालुका कोर्टात बायकांसाठी स्वच्छ संडास आणि बसायला एक खोली. हे लिहायलाही संकोच वाटतो, पण कोर्टात दिवसभर पाणी न पिता राहणाऱ्या मुली मला भेटल्या.

आयांना आणि बापांना एक विनंती. मुलीच्या शिक्षणावर पाच वर्षे घालवलीत, आता तीन वर्षे आणखी द्या. स्थळ पाहायचेच असेल तर पहिल्या भेटीतच विचारा की हिची प्रॅक्टिस चालू राहील ना. होकार तोंडी नको, लग्न कोणत्या गावी होते आणि तिथे कोर्ट कुठे आहे, तेही बघा.

आणि मुलींनो, तुमच्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव आहे, त्या १९९० साली सुरू झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव दिले गेले. आसोद्याच्या त्या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. तिचे शब्द कुणीतरी उतरवून घेतले म्हणून आपल्यापर्यंत पोचले. आजही खानदेशात अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांचे म्हणणे कागदावर नीट उतरवून घेणारे कुणी नाही. तुम्हाला ते काम येते. आजीने विचारले तर तिला हे सांगा.

या अंकात मुलींची मनोगते आहेत, त्यांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत. तुमच्या गावात सनद घेऊन घरी बसलेली कुणी असेल तर तिला हा अंक वाचायला द्या. तिला पुन्हा कोर्टात यायचे असेल, तर आम्हाला पत्र लिहा. ज्येष्ठ भगिनींशी गाठ घालून द्यायचे काम आपण या वर्षी हाती घेत आहोत.